दगडावर हात तुझे होते

कार्ड आलं ते दुपारी. पोस्टमनने दाराच्या फटीतून आत सरकवलं. मी डाळ निवडत बसले होते, तशीच उठले. चष्मा जवळ नव्हता, त्यामुळं अक्षर काही लागलं नाही. एवढंच दिसलं की शिक्का नांदेडचा आहे आणि वर श्री नाही. आता श्री नसलेलं कार्ड कशाचं असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मरणाची बातमी कळवताना वर श्री घालत नाहीत. पण मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. कारण जन्मात मी एकच माणूस असा पाहिला, की जो आंबे पोचल्याची पोच लिहो की सणाच्या शुभेच्छा, कागदावर कधी श्री लिहीत नसे. देवीदासनं लिहिलं एकदाचं, असं मनात आलं… पन्नास वर्षांनी का होईना. चष्मा कुठं ठेवला ते शोधीपर्यंत मी खुशीत होते. मग वाचलं. त्याच्या मुलीचं अक्षर होतं. नाना सोमवारी सकाळी गेले, तुम्हाला कळवावं असं आई म्हणाली, एवढाच मजकूर. त्याला आता सहा आठवडे होत आले. डाळ तशीच राहिली त्या दिवशी.

देवीदास म्हणजे कोण, हे सांगायचं तर निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या वर्षांकडं जावं लागेल. आम्ही नांदेडला नदीकडच्या गल्लीत राहायचो. बाबा वकील. कोर्टाचं सगळं काम उर्दूत, घरी बोलणं मराठीत आणि रागावले की पुन्हा उर्दूत. आई मी नऊ वर्षांची असतानाच गेलेली. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि पुण्याचं वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणीतरी हवं झालं. तेव्हा त्यावर बंदी, उघडपणे येत नसे, गुळाच्या ढेपेभोवती गुंडाळून यायचं. वाचायला येऊ लागला तो शाळेतला नवा मास्तर. लोह्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, हैदराबादेत शिकून आलेला, गणित आणि शास्त्र शिकवायचा. नाव देवीदास, आणि देवीला हात जोडायचा नाही. गल्लीत याची लई थट्टा व्हायची. बाबा त्याला म्हणायचे, अरे, निदान नाव तरी बदल. तो म्हणायचा, नाव आईनं ठेवलंय, आणि आईवर माझा विश्वास आहे.

मी आतल्या खोलीत असायची, पण कान बाहेर. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावून श्लोक म्हणायची, तेव्हा बाहेरचं वाचन थांबायचं. पहिल्यांदा वाटलं, बाबांनीच थांबवलं असेल. मग एकदा बाबा कोर्टातून यायचे होते, तो एकटाच बसला होता, तरी थांबला. मी धीर करून उंबऱ्यापाशी जाऊन विचारलं, तुम्ही देव मानत नाही, मग गप्प का बसता? तो म्हणाला, तू मानतेस म्हणून. आणि लागला पुढं वाचायला. त्याला माझी ती दिवेलागण आवडायची. उपासाच्या दिवशी माझा चेहरा कसा दिसतो हेही त्यानं मला एकदा सांगितलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. आणि मला काय आवडायचं? मला त्याचं न घाबरणं आवडायचं. ते दिवस तसे वाईट, रझाकारांच्या बातम्या रोज कानावर, सगळा गाव देवाचं नाव घेऊन कडी लावायचा. हा मात्र अमावस्येला नदीकाठानं शीळ घालत घरी जायचा. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच वाट द्यायचा. आयुष्यभर मी देवाला आणि दैवाला भ्यालेली पोर… मला तो माणूस खिडकी उघडल्यावर येणाऱ्या वाऱ्यासारखा वाटला. गंमत बघा, त्याला माझी श्रद्धा आवडली आणि मला त्याच्यात ती नसणं. ज्यावरून पुढं मोडलं, नेमकं त्याच्यावरच दोघांचा जीव जडला होता.

त्यानं बाबांना रीतसर विचारलं. जात एकच, शोधलं तर लांबचं नातंही निघालं. बाबा म्हणाले, माझी हरकत नाही, इंदू म्हणेल तसं. मग तो मला म्हणाला ते अजून कानात आहे. "लग्न तू म्हणशील तसं करू. होम कर, भटजी आण, मी पाटावर बसतो. घरात तुझं देवघर राहील, फुलं मी आणून देईन. एकच कर. माझ्याशी लग्न करायचं का, हे देवाला विचारू नकोस. तूच ठरव." मी मान डोलावली. हाव म्हटलं. खरंच म्हटलं होतं हो… त्या घडीला मला ते फार सोपं वाटलं.

पण लातूरला माझी आत्या होती. आईमागं तिनंच मला वाढवलेलं. निम्मं वर्ष मी तिच्याकडंच असायची. तिच्या कानावर गेलं तसा तिचा निरोप आला की पोरीला धाडून द्या. नांदेडहून लातूर म्हणजे तेव्हा अख्ख्या दिवसाचा प्रवास. वाटेत दोनदा मोटार बंद पडली आणि मी दोन्ही वेळा मनात म्हटलं, हा शकुन तर नसेल? तिथंच खरं तर मी हरले होते. आत्यानं पोचल्या पोचल्या काही विचारलं नाही. जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं आणि तेल चोळता चोळता म्हणाली, "इंदे, देवीला इचारल्याबिगर आपल्या घरात सोयरीक झाली न्हाई कधी. तुझ्या बापानं एक साल देवीचा गोंधळ चुकविला, त्याच साली तुझी माय गेली. इसरलीस का?" मी विसरले नव्हते. ते तर मी नऊ वर्षांची असल्यापासून पाठ होतं. बाबा म्हणायचे, तुझी आई विषमज्वरानं गेली. पण बाबांचं म्हणणं दिवसाउजेडी पटायचं, आणि आत्याचं म्हणणं माझ्या हाडात मुरलेलं होतं. एक वर्ष गोंधळ चुकला तर आई गेली. मग जो जन्मभर देवीला हात जोडणार नाही त्याचं काय होईल? माझं काय होईल याची मला भीती नव्हती. त्याची होती.

गावाबाहेर देवीचं देऊळ आहे. तिथं एक गोल दगड होता, तुळजापूरला आहे तसाच. त्याच्यावर दोन्ही हात नुसते टेकवायचे, डोळे मिटायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. आत्या शेजारी बसली. मी हात ठेवले. करू का लग्न, एवढंच विचारायचं होतं. पण डोळे मिटल्याबरोबर आई दिसली, बाजेवरची, शेवटच्या दिवसातली. आणि मग त्या बाजेवर आईच्या जागी तो दिसला. दगड थंडगार होता. हलतोय हे कळेपर्यंत तो डावीकडं गेलासुद्धा. आत्या म्हणाली, झालं, ऊठ आता. मी रडले नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, वाचला तो.

नांदेडला आल्यावर मी त्याला सांगितलं. ओसरीवर बाबाही होते, पण ते उठून आत गेले. वाटलं होतं, हा हसेल, चिडवेल, देवीला दोन शब्द बोलेल आणि मी पुन्हा विरघळेन. मनातून मी त्याचीच वाट पाहत होते की काय, देव जाणे. पण तो हसला नाही. कसा ठेवला हात, किती जोरानं, दगडाची बैठक कशी होती, असं एकेक विचारत गेला, वर्गात विचारतात तसं. मग म्हणाला, "इंदू, दगड कुठं फिरत नाही. मनात असतं तसे हात त्याला फिरवतात, आपल्याला कळत नाही एवढंच. देवीनं नको म्हटलं असतं तर मी भांडलो असतो तिच्याशी. पण दगडावर हात तुझे होते." मी म्हणत होते देवीनं नाकारलं, आणि त्याच्या जगात देवीच नव्हती. त्याच्या जगात नाकारणारी मी एकटीच. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, बाबांच्या बैठकीवर ठेवली आणि गेला. पुन्हा वाचायला आला नाही. पुढं त्यानं भोकरकडच्या शाळेत बदली करून घेतली असं ऐकलं.

माझं लग्न लातूरलाच झालं, डाळीच्या व्यापाऱ्याशी. माणूस चांगला होता, त्याच्याशी मी प्रामाणिक राहिले आणि तो गेला तेव्हा मनापासून रडले. निजाम गेला, आत्या गेली, बाबा गेले. देवीदासचं अधूनमधून कुणाकडून कळायचं. लग्न झालं, मुलगी झाली, नांदेडला घर बांधलं. दर नवरात्रात मी देवीपुढं उभी राहून मनात म्हणायची, बघ, मी ऐकलं, आता त्याला नीट ठेव. तो जिवंत आहे तो माझ्या त्या नकारामुळं, असं मी पन्नास वर्षं धरून चालले. वेडीच म्हणा. पण तेवढं एक माझ्याकडं होतं.

कार्ड आल्यावर आठ दिवसांनी एसटीनं नांदेडला गेले. त्याची बायको सुभद्राबाई दारातच भेटली. बारीक चणीची, कपाळ आता मोकळं. आत गेले तर भलं मोठं देवघर, लख्ख घासलेली उपकरणी, ताजी फुलं! ती म्हणाली, मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज फुलं आणून देत होते. दिवस घातले नाहीत, कावळ्याला घास ठेवला नाही, कारण त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. "त्यांनी माझा एक उपास मोडला न्हाई कधी," ती म्हणाली, "मग त्यांचा शब्द मी कसा मोडू?" बघा. जे मला जमलं नाही ते या बाईनं चाळीस-बेचाळीस वर्षं करून दाखवलं, आणि त्यात काही विशेष केलं असं तिला वाटतही नाही.

मग तिनं मला त्याच्या टेबलापाशी नेलं. कागदांवर एक गोल दगड ठेवलेला, नदीतला, वापरून गुळगुळीत झालेला. तिला सगळं माहीत होतं. हा दगड घेऊन तो दरवर्षी नव्या वर्गात जायचा. पोरांना हात ठेवायला लावायचा, विचारा, उद्या सुट्टी मिळेल का? दगड हमखास उजवीकडं. पोरं हसायची आणि हा समजावून सांगायचा की हात फिरवतात. अशीच एका वर्षी एका पोरीनं विचारलं, माझी आई बरी होईल का? आणि दगड डावीकडं गेला. पोर ओक्साबोक्शी रडायला लागली. त्या दिवशी हा घरी येऊन जेवला नाही. सुभद्राबाई सांगत होती, "मला म्हणले, सुभद्रे, त्या पोरीला माय नको होती का? भीतीनंबी हात फिरतेत. मी एका माणसाला उगंच बोललो लई वर्षांमागं. मी म्हणलं, मग लिहा की तिला. कार्ड घेऊन बसलेबी. मग म्हणले, वर श्री नसलेलं कार्ड बघून तिच्या घरची माणसं घाबरतील. म्हणलं, एकडाव लिहा मग श्री. तर म्हणले, माफी मागायची अन् सुरुवातच खोट्यानं करायची का?" ते कार्ड कोरंच राहिलं. मी त्या खुर्चीत बसले आणि रडले, परक्या घरात, त्याच्या बायकोसमोर. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

निघताना तिनं दगड माझ्या पिशवीत घातला. लातूरपर्यंत तो मांडीवर होता. देवघरात ठेवायचं मनात आलं होतं, पण त्याला ते आवडलं नसतं, म्हणून खिडकीपाशी टेबलावर ठेवलाय. दिवा मी अजून लावते, श्लोक म्हणते, देवीवर माझा राग नाही. काल दिवा लावून झाल्यावर टेबलापाशी आले. दोन्ही हात दगडावर ठेवले. डोळे मिटले नाहीत. कुणाला काही विचारलं नाही… आणि उजवीकडं फिरवला. मीच फिरवला.