उताणा हात

सकाळी मी दुकानाचं शटर वर करत असताना शाणूदादांची स्कूटर समोरून जायची. ती थांबायची नाही, फक्त जराशी मंदावायची आणि दादांचा डावा हात हँडल सोडून बाहेर यायचा. हात उताणा असला तर पोट साफ झालेलं आहे. पालथा असला तर नाही. ही बातमी मी कधीच मागितली नव्हती. डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे म्हणून लोकांच्या पोटाची खबर घेऊनच मी दिवस सुरू करावा, असा काही नियम नाही. पण वर्षानुवर्षं ती मिळत राहिली आणि पुढेपुढे तर हात उताणा दिसला की मलाही उगाच बरं वाटायला लागलं.

हात पालथा असला की पाव घेऊन परतताना दादा दुकानात येणार, हे ठरलेलं. आल्याआल्या काउंटरवर कोपर टेकायचे आणि शेजारी कोण उभं आहे, बाई आहे की भटजी, याची पर्वा न करता जाहीर करायचे, "फार्मसी, आज माल उतराक नाय." मला माझ्या नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याचीही मला शंका आहे.

मूळचे ते दोडामार्गाकडचे. तरुणपणी खनिजाच्या ट्रकांवर ड्रायव्हर म्हणून आले आणि इथेच राहिले. शिरगावची खाण ते आमोण्याचा धक्का, तिथे माल नदीतल्या बार्जीत पडायचा की परत खाण, असा त्यांचा जन्म गेला. भरायला रांग, ओतायला रांग. ट्रकातून उतरून झाडाआड गेलं की नंबर गेला, नंबर गेला की खेप गेली. त्यामुळे सकाळची जी काही निकड असेल ती दाबून धरायची सवय लागली. दादा ते फार सोपं करून सांगत. "पोटाक मीच शिकवलंय, थांब म्हणान. ता थांबला. आता चल म्हणतंय तर चलना नाय." खाणी बंद झाल्या, ट्रक भंगारात गेला, बायको वारली, पण थांबलेलं पोट काही सुटलं नाही. रोज रात्री कोमट पाण्यातून सोनामुखीचं चूर्ण घेतल्याशिवाय त्यांना झोप येत नसे, आणि ते चूर्ण मीच विकत असे.

विकत होतो तसा वादही घालत होतो. दिवसाआड झालं तरी वैद्यकाच्या हिशेबाने त्यात काही रोग नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. कोंड्याची पोळी खा, पाणी प्या, चाला. ते ऐकून घेत आणि म्हणत, "तुझ्या पुस्तकात माझा पोट नाय." एकदा मी जरा आवाज चढवून सांगितलं की रोज जुलाब घेऊन आतडं आळशी होतं. मग माझं मलाच राहवेना, म्हणून पुढे हेही सांगितलं की आम्हाला कॉलेजात तसं शिकवलं होतं खरं, पण आता संशोधन करणारे म्हणतात की ती भीती जरा जास्तच घातली गेली. "म्हंजे तुमकाच माहीत नाय," दादा म्हणाले. मला राग आला आणि मी त्यांचं चूर्ण जरा जोरातच काउंटरवर आपटलं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्यात त्यांची मुलगी अडकली होती. सुलभा पेडणे तालुक्यात कोरगावला दिलेली. बसने गेलं तरी दुपारच्या जेवणाला पोचता येतं. आई गेल्यापासून ती बापाला बोलावत होती, इकडे एकटे राहू नका, माझ्याकडे या म्हणून. दादा जायचे, जेवायचे आणि उन्हं कलायच्या आत परत निघायचे. एक रात्र म्हणून राहिले नाहीत. तिला वाटे की बाबांना आपलं सासर आवडत नाही. खरं कारण दादांनी फक्त मला सांगितलं होतं. त्या घरात संडास एकच, माणसं पुष्कळ, त्यात विहीणबाई. "मी भितर तासभर बसतलंय आणि भायर सगळे रांगेत, ट्रकांसारे. माका ता जमाचा नाय." यावर हसू नये हे मला कळत होतं, तरी मी हसलो.

अशात आमच्या आरोग्य केंद्रात पणजीकडून एक तरुण डॉक्टरीण आली. जुन्या बद्धकोष्ठावरच्या एका नव्या पावडरीचा अभ्यास होता. दादा मला सोबत घेऊन गेले. तिने नीट समजावलं की निम्म्या लोकांना औषधाची पुडी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कोणाला कुठली मिळाली हे अभ्यास संपेपर्यंत तिलाही कळणार नाही. दादांनी मान डोलावली, सही केली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "तिकाच माहीत नाय तर तिका डॉक्टर कोणी केल्यानी?" तिने त्यांना चित्रांचा एक तक्ताही दाखवला होता, सुक्या खड्यांपासून पातळ पाण्यापर्यंत, रोज झालेलं कसं होतं ते ओळखण्यासाठी. खाणीवर ढेकळाच्या खनिजाला लंप म्हणतात आणि भुकटीला फाइन्स. दादांनी तक्त्यावर एकदा नजर फिरवली आणि बोट ठेवत गेले, हा लंप, हा फाइन्स, आणि हा पावसातला फाइन्स. डॉक्टरीण इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

आणि मग माझ्या दुकानासमोर चमत्कार सुरू झाला. चूर्ण बंद, पुडी सुरू, आणि हात उताणा. दुसऱ्या दिवशीही उताणा. काही आठवड्यांत मी शटर उघडताना वाट बघेनासा झालो, इतकं ते नेमाचं झालं. त्याच दिवसांत सुलभाच्या मुलाचं बारसं होतं. दादा पुड्या खिशात घालून कोरगावला गेले आणि राहिले. एकच रात्र नाही, चांगले आठवडाभर. तिचा मला फोन आला, काका, तुम्ही कसलं औषध दिलंत? मी म्हटलं, मी नाही दिलं, आणि ज्यांनी दिलं त्यांना ठाऊक नाही.

अभ्यास संपला. कोणाला काय मिळालं होतं ते सगळ्यांना कळवलं गेलं. त्या दिवशी दादा दुकानात आले आणि काही जाहीर न करता स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाले, "त्या पुडयेत काय नव्हता म्हणे." मग त्यांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मी आजही शोधतो आहे. "मगे ता उतरला कोणाच्या हुकमान?"

दुसऱ्या दिवसापासून हात पालथा. कोरगावचं नाव काढलं की दादा विषय बदलायला लागले. मी वैतागून डॉक्टरणीला फोन लावला. ती प्रामाणिक होती, म्हणाली, वेळेवर बसण्याची सवय झाली असेल, जेवण सुधारलं असेल, कोणीतरी आस्थेने विचारत होतं त्याचाही परिणाम असेल, नक्की सांगता येत नाही. इकडे दादांचं एकच टुमणं. मी तशाच रिकाम्या पुड्या बांधून द्याव्यात. मी म्हटलं, दादा, तुम्हाला आता माहीत आहे ना त्या रिकाम्या आहेत? ते म्हणाले, "मगे थोड्यात औषध घाल, थोड्यात नको. आणि माका सांगू नको." मी साफ नाही म्हटलं. फार्मसी आहे, जादूचे प्रयोग नाहीत. पण घरी जाताना वाटलं की देऊन बघायला काय हरकत होती, आणि मग असं वाटल्याचाच राग आला.

शेवटी सुलभाच दुकानात येऊन उभी राहिली. बारशाला राहिलेला बाप पुन्हा येईनासा झाला, तेव्हा आपल्या घरात कोणी त्यांना बोललं का, हे तिला माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. मी दादांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, हे तुमचं तुम्ही सांगा. दादा औषधांच्या कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या घराक माझा पोट चलना नाय गे."

ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "इतक्यासाठी, बाबा? मी म्हटलंय, माझ्यारच राग आसा." मग डोळे पुसून एकदम करड्या आवाजात म्हणाली, "मागल्या दारी तुमका वेगळो संडास बांधतंव. बसा भितर जल्मभर."

तो बांधून झाल्यावर दादा कोरगावला गेले ते कायमचे. जावयाची गाडी माझ्या दुकानावरून गेली तेव्हा खिडकीतून हात बाहेर आला. त्या दिवशी पालथा होता.

पुढे एकदा मी कोरगावला जाऊन आलो. दादा जरा भरले होते. नातवाला मांडीवर घेऊन अख्खी दुपार ते नारळांवर, पंचायतीवर आणि जावयाच्या घोरण्यावर बोलले, पोटाचं नाव नाही. काय घेतात, चूर्ण की आणखी काही, की काहीच नाही, हे विचारावं असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यायची भीती वाटली. निघताना ते गेटपर्यंत आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी बसमध्ये चढलो तो आधीपेक्षा जास्त गोंधळून. इतकी वर्षं जी बातमी नको नको म्हणत होतो, तिच्यासाठी मी तालुका ओलांडून गेलो होतो आणि तशीच न घेता परत आलो.

त्यानंतर दीडेक वर्षाने सकाळी शटर उघडत होतो तेव्हा सुलभाचा फोन आला. बाबा गेले. पहाटे नाही, रात्री नाही, चांगले उठून, चहा घेऊन. ती सावकाश सांगत होती, पण काहीतरी तिला सलत होतं.

"मागल्या दारी जावन इले, पाय धुतले," ती म्हणाली. "मगे गेटीकडे उभे रवले आणि हात भायर काढून असो उताणो धरलो. रस्त्यार कोण नाय होता, काका. मगे खुर्चेर येवन बसले, ते बसलेच. मी हाक मारतंय तर ओच नाय. तेंका शेवटाक भ्रम झालो काय?"

"नाही गं," मी म्हटलं. "पूर्ण शुद्धीत होते. मला सांगत होते."

"काय सांगत होते?"

समोरच्या रस्त्यावरून पाववाल्याची सायकल गेली. मी त्यांचेच शब्द वापरले.

"माल उतरलो म्हणान."

पलीकडून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, हे मला कळलं नाही.