युसूफचाचांची पक्की शिलाई

मी घरातला पहिला पदवीधर. त्याबद्दल सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर पहूरच्या बसस्टँडमागे शिलाईचं दुकान चालवणाऱ्या युसूफचाचांचा. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या: बुद्धिबळ, आणि हरल्यावर पळून न जाणं. पहिली बरी जमली.

चाचा मशीनशेजारीच पट मांडत. गिऱ्हाइकाचं माप घेऊन आले की टेप गळ्यात तशीच ठेवून चाल करत. धुळ्याच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी गणितात नापास होऊन मी परत आलो आणि म्हणालो, "चाचा, मला काजं-बटणं शिकवा."

त्यांनी पटावरून मान वर केली नाही. "नापास कोणाच्या नावावर लागला रे?"

"माझ्या."

"मग उसवून परत शिवायला तूच लागशील ना भो? जा, बस परीक्षेला."

बसलो. पास झालो.

पुढे जळगावात नोकरी लागल्यावर मी त्यांच्या मोबाइलवर बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं आणि प्राध्यापकाच्या थाटात समजावलं, "रेटेड डाव हरलात तर गुण कमी होतात. कॅज्युअल हरलात तर काही होत नाही."

"म्हणजे एक पक्की शिलाई, एक कच्चा टाका," चाचा म्हणाले. "कच्चा टाका फिटिंग बघायला असतो, बेटा. तो घालून वरातीत नाही जात कोणी."

मी गेलो. माझे गुण एकदा कसेबसे पंधराशे चारवर पोचले, तसे मी रेटेड डाव बंदच केले आणि नुसते कॅज्युअल खेळू लागलो. तो आकडा ऑफिसात सांगितला, मग लग्नाच्या बायोडेट्यात छंदापुढे छापला. लहान भावंडांना खेळात कच्चं लिंबू करतात. मी तिसाव्या वर्षी स्वखुशीने झालो. चाचा मात्र रोज रेटेड खेळत. त्यांचे गुण अकराशेच्या आसपास, रावेरच्या केळीच्या भावासारखे वरखाली होत.

एका रविवारी त्यांनी मला रेटेड डावाचं आमंत्रण पाठवलं. मी घाईघाईने फोन केला. "चाचा, इथलं नेट आज फार जातंय. मध्येच तुटलं तर उगाच निकाल लागेल. कॅज्युअल खेळू."

"खेळ बाबा."

एकतिसाव्या चालीला माझा वजीर गेला, मग डाव. मी लगेच लिहिलं, "बरं झालं, कच्चा टाका होता!"

त्यांचा आवाजी निरोप आला. "तू जिंकला असता, तर असंच म्हणाला असता का रे?"

त्यानंतर आमंत्रण आलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी शबानाताई हिच्याकडून कळलं, की चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि महिनाभर मोबाइल बंद. म्हणून मी पत्र लिहिलं.

"प्रिय युसूफचाचा,

सलाम. शबानाताई हे वाचून दाखवेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नसतो म्हणालो. जिंकलो असतो तर रेटेड का खेळलो नाही, म्हणून आठवडाभर हळहळलो असतो.

या आठवड्यात सहा रेटेड डाव खेळलो. पाच हरलो. आकडा चौदाशे सत्तरवर आला. बायोडेटा दुरुस्त करायला घेतला, तर आई म्हणाली, मुलीकडच्या कोणी तो आकडा कधी विचारलाच नव्हता.

डॉक्टरांनी मोबाइल हातात दिला, की पहिला डाव माझ्याशी. पक्की शिलाई.

तुमचा,
सुनील

ता. क. त्या रविवारी नेट चांगलं होतं."