दसऱ्याची गाठ

अकरा वाजता माझी जुनी गाडी न्यायला भंगारवाला येणार होता, आणि आठपासून मी लालबागच्या घरात खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होते. गाडीची चावी फिरवली की तापमानाचा काटा थेट लाल रेघेवर. "इंजिन गेलं, आई," मुलानं निकाल दिला. "रस्त्यात पेटली तर?"

तिशीतली मी या काट्याचा शब्द खाली पडू देत नसे. एकदा हिंदमाताला तो लाल झाला, तर या बाईसाहेबांनी हाताला पदर गुंडाळून उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं! हात भाजला. घरी सांगितलं, पुरणाची वाफ लागली. होळीला अजून पाच महिने होते. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या.

आता मात्र चैन पडेना. नातीला ओढत खाली नेलं, बॉनेट उघडलं. रेडिएटरची नळी माठासारखी गार.

"चावी फिरव गो."

काटा टुणकन लालवर.

"आज्जी, इंजिन गार, मग हा कशानं तापला?"

"तोच थापा मारतोय. चावी चालूच ठेव."

इंजिनवरच्या, तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर मी उपटली. सेन्सर बिघडला असता तर काटा खाली यायला हवा होता. ढिम्म! म्हणजे वायरच कुठेतरी सोलून पत्र्याला टेकलेली, म्हणून काटा लाल. पावणेअकरा झाले. वायर चाचपत पुढे गेले, तर जाळीमागे बोट अडकलं. सुतळी. तिच्यात झेंडूचं वाळकं फूल.

दसऱ्याला दादरहून हार आणून गाडीला मीच बांधते. सुटू नये म्हणून हाताला लागेल त्याला करकचून गाठ. यंदा हाताला लागली ती वायर. ताणून पत्र्याच्या कडेवर सोलली गेलेली.

गाठ कापली, वायरला चिकटपट्टी गुंडाळून ती परत जोडली. काटा मुकाट खाली.

तेवढ्यात मुलगा भंगारवाल्याला घेऊन आला. "बसा दोघं," म्हटलं. प्रभादेवीपर्यंत जाऊन आलो. काटा हळूहळू मध्यावर चढला आणि तिथंच राहिला. रस्त्यापेक्षा मी त्याच्याकडेच जास्त बघत होते.

"ये तो चालू है, अम्मा," म्हणत भंगारवाला उतरून गेला.

"काय झालं होतं?" मुलानं विचारलं.

"वायर सोलली होती. उंदरानं."

नातीनं गुपचूप ते वाळकं फूल त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाला. अगदी माझ्या सासूबाईंच्या सुरात.