समोरच्या काकांचं इराणी साम्राज्य

मेलेल्या राजाची चाकरी इतक्या इमानाने करणारा माणूस सबंध टेक्सासमध्ये दुसरा नसेल. शुगर लँडला आमच्या समोरच्या घरात राहणारे काका कागदोपत्री तेलाच्या पाइपलाइनवरून रिटायर झालेले इंजिनिअर होते. पण मनाने ते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणच्या दरबारी रुजू होते आणि तिथून रिटायर व्हायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. तरुणपणी कंपनीने त्यांना काही महिने इराणात पाठवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी बाकीचे इंजिनिअर झोपा काढत असताना हे एकटेच टॅक्सी करून जुन्या राजधानीचे अवशेष बघायला गेले, आणि तिथल्या उंच खांबांखाली उभं राहून जे भारले गेले ते कायमचे. काकू म्हणायच्या, "लोक इराणहून गालिचे आणतात. हे साम्राज्य घेऊन आले. आता ते झटकायचं कसं, कुणीतरी सांगा!"

विषय कोणताही असो, काका साम्राज्यावर यायचेच. एका बारशाला, बाळ आजोबांच्या मांडीवर असताना, काकांनी सायरस राजाची दंतकथा काढली: हा सायरस तान्हा असताना त्याला मारून टाकायचा हुकूम त्याच्या सख्ख्या आजोबांनीच दिला होता. इकडे बारशातल्या आजोबांनी बाळ मुकाट्याने आजीकडे सरकवलं. काकांना त्याचा पत्ताही नव्हता; तोवर त्यांचा सायरस मोठा होऊन बाबिलोनच्या वेशीपाशी पोचला होता. "अरे, जिंकतात सगळेच," ते जिलबीचा तुकडा हवेत फिरवत म्हणाले. "हरलेल्यांचे देव ज्याने त्यांना परत दिले, तो हा. म्हणून डोंगरातलं एवढंसं राज्य एका माणसाच्या हयातीत समुद्रापर्यंत गेलं." हे नुसतं बोलणं नव्हतं. ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते आणि मंडळ त्यांनी याच धोरणावर वाढवलं होतं. गणपतीच्या जेवणात आमटीला गूळ हवा की नको यावरून पुणे आणि नागपूर यांच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा काकांनी दोन पातेली चढवायला लावली. "ज्याने त्याने आपापला देव पुजावा," ते म्हणाले. मी नागपूरचा. त्या दिवसापासून मी त्यांची प्रजा झालो.

पण खरं प्रेम त्यांचं पुढच्या दारियस राजावर. सायरसने मिळवलं, दारियसने चालवलं, असं ते म्हणत. त्याने राज्याचे सुभे पाडले, प्रत्येकावर एक क्षत्रप नेमला. पण सुभ्यातलं सैन्य वेगळ्याच्या हाती, लिहिणं-वाचणं तिसऱ्याच्या हाती, आणि वर अचानक येऊन तपासणी करणारे अधिकारी. त्यांना 'राजाचे डोळे' म्हणत. काकांनी ही सगळी रचना जशीच्या तशी मंडळाला लावली. जवळच्या केटी गावाला एक क्षत्रप, पेअरलँडला एक. स्वयंपाक एकाकडे, सामानाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. डोळ्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी आवडीने करायचो, कारण तपासणीत मोदक चाखावे लागत. फ्रीवेवर काकांच्या गाडीत बसलं, की राजाच्या हमरस्त्याची कथा ठरलेली. ठरावीक अंतरावर ताजे घोडे, ताजा स्वार, आणि निरोप वाऱ्यासारखा पुढे. हे सांगताना काकांची गाडी इतकी हळू चाले, की मागून हॉर्न वाजत. "घाई आहे बिचाऱ्यांना," काका म्हणत. मुलगी सुट्टीला न्यू जर्सीहून आली की मागच्या सीटवरून ओरडायची, "बाबा, प्लीज! जस्ट ड्राइव्ह!"

केटीचा क्षत्रप हा काकांचा विशेष लाडका. तो पुण्याहून पहिल्यांदा आला तेव्हा काकाच त्याला विमानतळावरून घेऊन आले होते. अपार्टमेंट मिळेपर्यंत तो त्यांच्याच घरी होता, आणि काकूंनी त्याला भात लावायला शिकवलं होतं. एका ऑगस्टमध्ये त्यानेच जाहीर केलं, की यंदापासून केटीचा गणपती वेगळा. काकांना फोनसुद्धा केला नाही. ग्रुपवर मेसेज टाकला.

आमच्या मीटिंगमध्ये भडका उडाला. "यार, हा माणूस तुमच्या घरी राहिला ना काका!" पेअरलँडवाला टेबलावर हात आपटत म्हणाला. कुणी म्हणालं, त्यांना मोठी पातेली द्यायची नाहीत, मखर द्यायचं नाही. कुणी म्हणालं, आपलाही कार्यक्रम त्याच दिवशी ठेवू, बघू कोण जातं तिकडे.  मग काका नेहमीच्या वक्तृत्वाशिवाय, जरा थकलेल्या आवाजात म्हणाले, "सिकंदराने साम्राज्य बुडवलं असं सगळे म्हणतात. तो शेवटी आला. त्याच्या आधी कितीतरी वर्षं राजवाड्यात भाऊ भावाला मारत होता. क्षत्रप राजाला जुमानत नव्हते, राजा त्यांच्यावर भाडोत्री सैन्य पाठवत होता. असं घर पाडायला बाहेरचा माणूस फक्त यावा लागतो." आणि मग, "पातेली द्या. मखरही द्या."

दिली. शिवाय त्या शनिवारी काका स्वतः केटीला निघाले. काकूंचे गुडघे धरले होते म्हणून मला बरोबर घेतलं. एका शाळेच्या हॉलमध्ये गणपती मांडला होता. काकांनी नमस्कार केला, आणि प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या मागे प्लेट घेऊन उभे राहिले. वाढायला नेमका तोच होता. काकांना पाहून त्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"काका... तुम्ही?"

"वाढ ना. भूक लागलीये."

त्याने वाढलं. काकांनी तिथेच उभ्याने एक घास खाल्ला आणि म्हणाले, "भात मोकळा झालाय. काकूला सांगतो."  तो काउंटरच्या मागून पुढे आला आणि वाकला. हातातल्या प्लेटमुळे काकांना त्याला उठवता येईना. त्यांनी प्लेट माझ्याकडे दिली.

परतताना मी गाडी चालवत होतो. एसी पूर्ण लावूनही काच गरम लागत होती. राजे, घोडे, कुणाचाच उल्लेख नाही. फ्रीवे सोडल्यावर काकांनी विचारलं, "तो परका नव्हता रे. तरी मला सांगायला ग्रुप का लागला त्याला? मीटिंगमध्ये मी कुणाला बोलू देत नव्हतो का?"

मी म्हणालो, "थोडं तसं व्हायचं, काका."

"मग तुम्ही कुणी सांगितलं का नाही?"

 सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे घेतली.

पुढच्या वसंतात काका-काकू न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला मुलीकडे राहायला गेले. सामान भरायला केटीचा तो दोन मित्रांना घेऊन सकाळीच हजर होता. अवजड कपाट त्यांनीच उतरवलं. समोरच्या घरात आता एक तरुण डॉक्टर जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, भेटली की हवेबद्दल बोलतात आणि हवेवरच थांबतात. मंडळाचा अध्यक्ष हल्ली मी आहे. मीटिंगा लवकर संपतात, वाद होत नाहीत, मी जे म्हणेन त्याला सगळे माना डोलावतात. सुरुवातीला मला ते फार बरं वाटायचं. अलीकडे मात्र घरी जाताना वाटतं, काकांना एकदा फोन करावा.