चीअरलीडिंगच्या फॉर्मवरची सही
हेअरस्प्रेचा वास आला की मला शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं आमचं किचन आठवतं. दोन हजार चारचा पाडवा होता, घरी पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणलेला. मी डॉक्टर, त्यामुळे ओळखीतल्या पोरांच्या शाळेच्या मेडिकल फॉर्मवर सह्या आमच्याच डायनिंग टेबलवर व्हायच्या. त्या दिवशी मित्राची मुलगी फॉर्म घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चीअरलीडिंगच्या टीमसाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, म्हणून आजच केस घट्ट बांधून, स्प्रे मारून बघितलेले. "भावोजी, फॉर्म नसेल तर तिला जिममध्ये उभंसुद्धा करणार नाहीत हो," तिची आई म्हणाली. मी स्टेथोस्कोप लावला. ठोक्यामागे एक बारीक फुसफुस ऐकू आली. मिक्सर बंद करायला लावून पुन्हा ऐकलं, तर ती होतीच. त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये त्याच शाळेतल्या दुसऱ्या एका मुलीच्या छातीत हाच आवाज ऐकून मी तिचा फॉर्म अडवला होता. आधी हृदयाची सोनोग्राफी, इको काढा, म्हणालो होतो; तिची ट्रायआउट हुकणार होती, ती रडत गेली होती. "काका, आय ॲम फाइन, प्रॉमिस," ही म्हणाली. तिची आई पेन पुढे करून उभी होती. मी सही केली. इको करून घ्या हं, असं म्हणालो खरा, पण हसत हसत. ही टीममध्ये आली. पहिल्या मॅचला तिला उंच उडवलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ती खाली येण्याची वाट बघत होतो. अडवलेल्या मुलीचा इको नॉर्मल निघाला. हिचा कधी काढलाच नाही. अजूनही फोनवर तिच्या आईचं नाव दिसलं की पहिल्या दोन रिंगा मी नुसत्या ऐकत बसतो.