वाळूची टेकडी

आखातात असताना, रोल्ला भागातल्या एका बाइंडरकडे मी ऑफिसचे रिपोर्ट बांधायला द्यायचो. माणूस रत्नागिरीकडचा, नाव कधी विचारलं नाही. कागद हातात आला की आधी ब्रशने वाळू झटकायची, मग सुई घ्यायची, ही त्याची सवय.

तिथलं वाळवंट पहिल्यांदा मोजणाऱ्या एका सर्व्हेयरच्या मुलीने वडिलांवर हाताने चित्रांचं पुस्तक केलं होतं. त्यातल्या नकाशांवर टेकड्या खऱ्या वाळूच्या, डिंकाने चिकटवलेल्या. ते शिवायला याच्याकडे आलं आणि याने सवयीने पहिलं पान झटकलं. एक टेकडी गेली.

"मॅडमना फोन करून सांगितलं," तो मला म्हणाला. "म्हणाल्या, राहू दे. वडिलांनी मोजलेल्या टेकड्या तरी कुठे जागेवर राहिल्यात."

तरीही ऐन जुलैच्या तिथल्या उकाड्यात, पुस्तक शिवून होईपर्यंत, त्याने दुकानातला पंखा लावला नाही.