झिजलेली फीत

सोलापूरच्या नवी पेठेत बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत तो बसतो आणि जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्याचं नाव मी विचारलं नाही. पूर्वी तिथंच त्याची कॅसेट लायब्ररी होती, शनिवारी जिन्यापर्यंत रांग लागायची म्हणे. आता त्या फळ्यांवर बांगडीवाल्याची खोकी आहेत.

मी ताईच्या लग्नाची कॅसेट नेली होती. त्यानं ती उघडली, फीत उजेडाकडं धरून हळूहळू बोटांतून सरकवली आणि बाळाचं नाक पुसावं तशी कापसानं पुसत गेला. मध्येच थांबला.

"हितं लई झिजलीय. कोणतरी सारखं हितंच थांबवत होतं बघा."

"आमच्याकडं कोण थांबवणार? वडील तर लग्नानंतर वर्षभरातच गेले. आणि आईला व्हीसीआर लावताही येत नव्हता."

तो कापूस बदलत म्हणाला, "जिथं जीव अडकतो की नाही, तिथंच फीत आधी जाते."

मग त्यानं कॅसेट लावली. पंगतीत जिलेबी वाढता वाढता वडील कॅमेऱ्याकडं वळले आणि पडदाभर पांढऱ्या रेघा आल्या. ही जागा कापून टाका, असं मी म्हणालो. पण त्यानं रेघांसकट सगळं उतरवून दिलं.

जुळे सोलापुरातल्या घरी संध्याकाळी ते टीव्हीवर लावलं. आई शेंगा सोलत बघत होती. रेघा आल्या तसा तिचा हात थांबला.

"थांबव की जरा," ती म्हणाली.